नुसता हौशी

तोक्योजवळच्या ग्योतोकुच्या त्या गल्लीत डॉक्टर विनायक उकिडवे यांचं ज्याच्याशी मुळीच पटत नसे असा एकच माणूस होता, आणि गल्लीत त्यांच्याशी रोज बोलणाराही तोच एक होता. बाकीचे शेजारी नुसते वाकत. शिओदा-सान वाकायचा, पुन्हा सरळ व्हायचा, आणि मग तोंड उघडायचा.

गल्लीच्या तोंडाशी त्याचा पब होता. गिऱ्हाइकं त्याला 'ताइशो' म्हणत, म्हणजे सेनापती. जपानात बियर ओतणाऱ्याला सेनापती म्हणायची रीतच आहे. बहुतेक पबवाले ते हसून सोडून देतात. शिओदाने मनावर घेतलं होतं. गल्लीच्या मंडळात कचऱ्याची देखरेख त्याच्याकडे होती, आणि कुणाच्या पिशवीत काय आहे हे तो पिशवी न उघडता सांगायचा.

भांडणाचं मूळ करवंटी. उकिडव्यांकडे आठवड्याला एक नारळ फुटायचा, आणि करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या, याबद्दल नगरपालिकेच्या पुस्तिकेत एक अक्षर नव्हतं. विनायकरावांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या लहानपणी वाईला अख्ख्या घराचा बंब करवंट्यांवर पेटायचा. जी वस्तू घरभराच्या आंघोळीचं पाणी तापवते ती जळत नाही असं म्हणायला मोठी हिंमत लागते. शिओदाचं म्हणणं याहून सरळ होतं. ती वाजते, आणि जे वाजतं ते जळत नाही. दर मंगळवारी पिशवीवर लाल चिठ्ठी डकवून तो ती उकिडव्यांच्या दारात आणून ठेवी आणि इतकं खाली वाकून म्हणे, "सेन्सेई, आपलं काहीतरी रस्त्यात विसरलं वाटतं," की 'गुरुजी' म्हणणाऱ्या या वाक्यात अपमान नेमका कुठे बसवलाय ते शोधायला विनायकरावांना संध्याकाळ व्हायची. करवंटी मात्र परत आलेल्या पिशवीत नसे. ती जप्त होई.

जपानीत भांडता येत नाही हे विनायकरावांचं जुनं दुःख होतं. इतक्या वर्षांत भाषा सगळी आली होती, पण ती सगळी विनंतीची. कुणाला 'गाढवा' म्हणायचं मनात यावं आणि तोंडातून 'आपल्याला तसदी देतो, क्षमा असावी' बाहेर पडावं, असं चाले. संताप फारच झाला की ते मराठीत शिरत. मराठी गल्लीत कुणाला कळत नाही, तेव्हा ते आपलं मोरीत पाणी ओतल्यासारखं, अशी त्यांची समजूत. पुढचं सगळं त्या समजुतीतून झालं.

विनायकराव खगोलशास्त्रज्ञ. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ, 'व्यावसायिक' हा शब्द ते प्रत्येक अक्षराला वेगळी खुर्ची दिल्यासारखा उच्चारत. तोझाई लाइनने तोक्यो ओलांडून ते रोज एका संशोधन संस्थेत जात आणि तिथे रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं असे तारे, तपासत. तारे दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून आलेले असत, आकडे यंत्रातून निघालेले. विनायकराव आकड्यांतल्या चुका काढत. करार एका वर्षाचा. वर्ष संपलं की नवा करार, तसाच. शोधनिबंधावर चाळीसेक नावं असत, पण उल्लेख करताना जग पहिलं नाव घेतं आणि पुढे 'आणि इतर' लिहून मोकळं होतं. तीस वर्षं विनायकराव 'आणि इतर' होते.

त्यामुळे हौशी माणसांवर त्यांचा राग. जपानात हा उपद्रव फार. एखादा दंतवैद्य दिवसभर दाढा उपटतो, रात्री अंगणात दुर्बीण लावतो, आणि त्याला धूमकेतू सापडतो. मग त्या धूमकेतूला दंतवैद्याचं नाव. विनायकराव दाढ ठणकत असली तरी दवाखान्याच्या भिंतीवर आधी आकाशाचे फोटो आहेत का ते बघत, आणि असले तर दाढ घेऊन परत येत. त्यांच्या पत्नी सुचेताताई कोतोतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणत, "अहो, धूमकेतू काय रेशनवर मिळतो का, नंबर तुमचा आधी होता म्हणायला?"

मग दगडाचं प्रकरण आलं.

मोठा भूकंप झाला, त्यात ही सगळी भरावाची जमीन खिरीसारखी हलली होती. डांबर फाटून राखाडी चिखल वर आला. शिओदाचा पब एका अंगाला असा कलला की मेजावर ठेवलेली बाटली आपणहून गल्ल्याकडे चालायला लागे. त्याला त्याची तक्रार नव्हती, पण नगरपालिकेने इमारत पाडायला लावली. आणि पबशेजारी जिन्बेईचा जो दगड उभा होता तो गळ्यापर्यंत रुतला, आणि काढता काढता त्याचे दोन तुकडे झाले.

हा जिन्बेई शिओदाचा पूर्वज. ग्योतोकुला पूर्वी मीठ पिकायचं. समुद्राचं पाणी वाळूवर शिंपडायचं, उन्हात सुकू द्यायचं, मग ती खारी वाळू धुऊन ते पाणी कढईत आटवायचं. शोगुनांच्या काळात जिन्बेई हे काम करायचा आणि काम नसेल तेव्हा वर बघायचा. एका सकाळी त्याने मिठागरावर सगळ्यांना सांगितलं, की आज दुपारी सूर्य जाणार आहे आणि परत येणार आहे, तेव्हा उगाच पळू नका. दुपारी सूर्य गेला. सगळे देवळाकडे पळाले आणि मागे त्यांच्या कढया करपल्या. जिन्बेई एकटा आपल्या कढईशी बसून राहिला, खाऱ्या पाण्यात पडलेलं त्या खाल्लेल्या सूर्याचं प्रतिबिंब बघत, आणि ढवळत. त्याचं तेवढं मीठ वाचलं. पुढे कुणीतरी त्यावर दगड उभा केला.

आता तो सांधून पुन्हा उभा करायचा आणि त्यावर 'ग्योतोकुतील खगोलशास्त्राचा आद्य प्रणेता' अशी नवी ओळ कोरायची, असं मंडळाने ठरवलं. नगरपालिका म्हणाली, प्रणेता म्हणायचं असेल तर तज्ज्ञाचं मत जोडा. तज्ज्ञ गल्लीतच राहत होता. शिओदा स्वतः आमंत्रण घेऊन उकिडव्यांच्या दारात आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या हातात लाल चिठ्ठी नव्हती.

विनायकरावांनी सभेला सूट घातला. तीस वर्षांत त्यांना लोकांनी आकडे विचारले होते, मत कुणी विचारलं नव्हतं.

सभेत शिओदाने कढईची गोष्ट सांगितली आणि दोन म्हाताऱ्यांनी रुमाल काढले. मग विनायकराव माइक घेऊन उठले. त्यांनी अत्यंत आदरपूर्वक निदर्शनाला आणलं, की त्या काळी सरकारी पंचांग छापून निघत असे आणि त्यात येणारी ग्रहणं दिलेली असत. तेव्हा या कथेवरून जिन्बेईला वाचता येत होतं एवढं सिद्ध होतं. पंचांग वाचून ग्रहण सांगणाऱ्याला प्रणेता म्हणायचं ठरलं, तर त्यांच्या गावच्या घाटावर असे प्रणेते दक्षिणा घेऊन उठताना रोज दिसत. हे सगळं त्यांनी जपानीत सांगितलं, त्यामुळे ते इतकं नम्र झालं की सभा कौतुकाने मान डोलावत राहिली. नकार आहे हे कुणाला कळलंच नाही. शिओदाने उठून आभार मानले आणि विचारलं, म्हणजे प्रणेता या शब्दाला सेन्सेईंची हरकत नाही असं धरून चालावं ना?

इथे विनायकरावांचा तोल गेला. माइक तोंडाशी तसाच होता.

"अरे प्रणेता कसला डोंबलाचा! हौशी. नुसता हौशी!"

शिओदा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो वाकला, पण कमरेतून नाही. मान तेवढी हलली. चहाबरोबरच्या बिस्किटांना कुणी हात लावला नाही.

विनायकराव मात्र समाधानाने घरी आले. मनातलं बोलूनही झालं आणि कुणाला कळलंही नाही, परदेशात राहण्यात एवढं एक सुख आहे, असं ते सुचेताताईंना म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीने त्यांना पाहायचं सोडून दिलं. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या त्यांना बघताच मान वर करून ढगांची विचारपूस करू लागल्या. तोफूवाल्याकडचा तोफू नेमका त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाला संपायचा. न्हाव्याकडे सगळ्या खुर्च्या रिकाम्या असूनही भरलेल्या होत्या. कचऱ्याच्या पिशव्या आता करवंटी नसतानाही परत येत, आणि चिठ्ठ्या दोन रंगांत.

विनायकरावांना कोडं पडलं. हौशी म्हटल्याचा एवढा राग? आणि मुळात मराठी कळलं कुणाला? त्यांचा संशय शेजारच्या इमारतीतल्या गुणवंतवर गेला. हा गुणवंत कंपनीत संगणकाचं काम करायचा आणि फावल्या वेळात सगळ्यांशी गोड बोलायचा, म्हणजे संशयाला जागा होतीच. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत काढली, की ज्याअर्थी हौशी शब्द इतका झोंबला त्याअर्थी तो बरोबर होता.

अधूनमधून नगरपालिकेतून एका बाईंचा फोन यायचा. मताचं कुठवर आलं? विनायकराव म्हणत, विचार चालू आहे. विचार वगैरे काही चालू नव्हता. दगड निळ्या प्लास्टिकखाली पडून होता, त्यावरचा शब्द विनायकरावांच्या पेनात अडकला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी त्यांच्यावाचून अडलं होतं. हे सुख ते पुरवून पुरवून घेत होते. जिन्बेईला प्रणेता म्हटलं, की मग जो कुणी वर बघेल तो खगोलशास्त्रज्ञ. मग तीस वर्षं तोझाई लाइनला लोंबकळून विनायकरावांनी मिळवलं ते काय?

वर्ष गेलं. पब नव्या पायावर सरळ उभा राहिला. उघडला त्या दिवशी विनायकराव स्टेशनवरून येत होते, आणि गुणवंत सायकल थांबवून पाटीकडे बघत उभा होता.

"सर, अभिनंदन. पबचं बारसं तुमच्या हातून झालं, आणि आम्हाला घुगऱ्या नाहीत."

पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'नुसुन्दा होशी'. जपानीत नुसुन्दा म्हणजे चोरलेला आणि होशी म्हणजे तारा. खाली एक छोटी पाटी होती. ती गुणवंतने मोठ्याने वाचली, मराठी करत करत, म्हणजे वाचण्याचा आनंद दुप्पट:

"'आमचा पूर्वज जिन्बेई याने तारे चोरले, असं थोर खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर उकिदोबे यांनी भर सभेत सांगितलं. दगडावर कोरायला आम्हाला शब्द मिळत नाही. म्हणून त्यांनी दिलेला हा शब्द इथे लावला आहे. तारा चोरायचा तर तो कुठे ठेवलेला असतो हे आधी माहीत असावं लागतं. आत या.'"

विनायकराव तिथेच उभे राहिले. नुसता हौशी. नुसुन्दा होशी. त्यांनी दोन्ही ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, आणि तीस वर्षांत जमली नव्हती इतक्या वेगाने त्यांच्या डोक्यात एक सांगड जमली.

"तुम्ही त्याला चोर म्हणालात, सर?"

"मी हौशी म्हणालो."

गुणवंतने सायकलवर टांग टाकली. "मग हा गैरसमज लवकर पसरवायला हवा," तो म्हणाला, आणि गेला. रात्रीपर्यंत ग्योतोकुतली सगळी मराठी मंडळी विनायकरावांना उकिदोबे म्हणू लागली. ते कायमचं चिकटलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण विज्ञानात चोरी म्हणजे खून. हौशी म्हणणं हे मत झालं. चोर म्हणणं हा आरोप, आणि त्याला पुरावा लागतो. संस्थेतला एक तरुण ग्योतोकुला मित्राकडे आला होता. त्याने सोमवारी फार अदबीने विचारलं, की उकिडवे-सान, तो चोरलेला तारा कुठल्या निबंधातला? आपल्या तीस वर्षांच्या कामातून जगापुढे जाणारं एकमेव वाक्य न उच्चारलेलं असावं, आणि तेही एका दारूच्या दुकानावर, हे विनायकरावांना सोसेना. शनिवारी पब उघडायच्या वेळेला, चांगलं ऊन असताना, ते आत शिरले.

"इराश्शाइमासे," एप्रन बांधलेली मुलगी गिऱ्हाइकाचं स्वागत करत म्हणाली. मग म्हणाली, "बाबा."

ही ओजस्वी, त्यांची एकुलती मुलगी, कॉलेजला जाणारी. मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर ती जपानीत द्यायची. तिने कुठेतरी बाइतो धरला आहे, म्हणजे कॉलेज सांभाळून कामाला जाते, एवढं विनायकरावांना माहीत होतं. कुठे हे त्यांनी विचारलं नव्हतं. रूपविकारी ताऱ्यांची तशी गोष्ट नव्हती. ते कुठे आहेत हे त्यांना तोंडपाठ होतं.

ते समोरच्या स्टुलावर बसले. शिओदा आतून सुरी चालवत होता. त्याने बघितलं, वाकला नाही, आणि त्यांच्यापुढे एक वाटी सरकवली. अशा जागी बसल्याबरोबर न मागता एक वाटी येते आणि बिलात लागते. तिला ओतोशी म्हणतात. वाटीत उकडलेला मुळा होता. वाटी काळसर तपकिरी, घासूनपुसून गुळगुळीत, आणि बुडाला तीन डोळे.

"ही करवंटी माझी आहे," विनायकराव म्हणाले.

"चुकीच्या वारी टाकली होती," शिओदा म्हणाला. "आणि जळत नाही. दोनदा गॅसवर राहिली होती."

विनायकरावांनी पाणी मागितलं, आणि मग शक्य तितक्या कडक जपानीत, म्हणजे तीनदाच क्षमा मागून, सांगितलं की पाटी खोटी आहे. सभेत आपण मराठीत बोललो. तारा, चोरी, यांतलं काहीही म्हटलेलं नाही.

"मग काय म्हटलंत?"

इथे पंचाईत झाली. विनायकरावांनी डोक्यातलं सगळं जपानी धुंडाळलं. हाताला एकच शब्द लागला, 'शिरोतो', म्हणजे ज्याला कामातलं काही कळत नाही असा, कच्चा. त्यांनी तो दिला.

शिओदाने सुरी खाली ठेवली. मग त्याने सावकाश सांगितलं, की चोर म्हटल्याचा राग आपण वर्षभर जपला. त्या रागावर कर्ज मिळवलं, भिंती उभ्या केल्या. चोराला निदान कसब लागतं. आणि आज सेन्सेई स्वतः चालत येऊन सांगतात की त्यांनी त्याहून हलकं म्हटलं होतं.

"सभेत ही मागे बसली होती, नंतर मी हिला विचारलं होतं," त्याने ओजस्वीकडे बोट केलं. "तुझे वडील नुसुन्दा होशी म्हणाले ना? ही म्हणाली, मा, सोन्ना कान्जी."

मा, सोन्ना कान्जी म्हणजे 'हो, साधारण तसंच'. विनायकरावांनी मुलीकडे पाहिलं.

ओजस्वी ग्लास पुसत होती. "बाबा, तू हौशी ज्या आवाजात म्हणालास ना," ती म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली, "त्याचं जपानी चोरच होतं."

"मग खरा अर्थ काय?" शिओदाने तिला विचारलं. बापाला विचारण्यात आता त्याला अर्थ वाटत नव्हता.

तिने ग्लास उजेडात धरून पाहिला आणि जपानीत सुरू केलं. हा आईचा शब्द, ती म्हणाली. आई तो बाबांसाठी वापरते. डिसेंबरात उल्का पडतात तेव्हा बाबा भाड्याची गाडी काढून आम्हाला नागानोच्या पठारावर नेतात. थंडी अशी की बाटलीतला चहा गोठतो. संस्थेने पाठवलेलं नसतं. बाबा ताडपत्रीवर उताणे झोपतात आणि उल्का मोजतात, सकाळपर्यंत. आम्ही गाडीत हीटर लावून बसतो आणि आई म्हणते, मोठे हौशी पडलेत. ज्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि तरी जो करतो, तो.

"उल्कांचा तो आकडा संस्थेला लागतो?" शिओदाने विचारलं.

"संस्थेचा उल्कांशी संबंध नाही," विनायकराव म्हणाले.

"मग कुणाला देता?"

विनायकरावांनी करवंटीतला मुळा खाल्ला. तो बरा होता, त्याचाही त्यांना राग आला.

शिओदाने हे सगळं मनात जुळवलं, आणि त्याचा चेहरा निवळेल अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती चुकली. तो आधीपेक्षा जास्त दुखावला. "म्हणजे," तो एकेक शब्द मोजत म्हणाला, "सेन्सेईंनी माझ्या पूर्वजाला स्वतःच्या पंगतीला बसवलं. आमच्या घराण्याला न विचारता."

"मी कशाला बसवू? तो माझ्या आधीपासून तिथे बसलाय."

बोलून गेल्यावर विनायकरावांना ते ऐकू आलं. शिओदालाही आलं. ओजस्वीने ग्लास ठेवून दिला.

"आधीपासून," शिओदा म्हणाला. "हे लिहून द्या."

"प्रणेता लिहिणार नाही."

"मी प्रणेता म्हटलेलंच नाही. आधीपासून म्हटलं. आपलाच शब्द आहे. की तोही मी चोरला?"

विनायकरावांनी बिल दिलं, ओतोशीसकट, आणि पाटी काढण्याबद्दल विचारलं. शिओदा म्हणाला, रंग वाळलाय.

रविवारी दिवसभर ते टेबलाशी बसले. सुचेताताई दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोनदा थंड कप घेऊन गेल्या. प्रणेता लिहिणं शक्य नव्हतं. ते खोटं ठरलं असतं आणि शिवाय शिओदाला आनंद झाला असता. काहीच न लिहिणं आता तितकंसं सुखाचं राहिलं नव्हतं. निळ्या प्लास्टिकखाली दगडाऐवजी त्यांना ताडपत्री दिसू लागली होती, आणि तिच्यावर उताणा पडलेला एक माणूस. पंचांगात ग्रहण वाचणारे त्या काळी पुष्कळ असतील, हे त्यांना मान्य होतं. वाचून, सगळे पळाल्यावर, तिथेच बसून बघणारे किती जण असतील? हा मुद्दा त्यांना सभेतच सुचायला हवा होता. आकड्यांतल्या चुका काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आपली चूक काढायला वर्ष लागलं, याचीही चीड आली. त्यांनी संध्याकाळी एकच वाक्य लिहिलं. जिन्बेई हा व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नव्हता. तो या भागातला, माहीत असलेल्यांपैकी, पहिला हौशी होता. 'हौशी'ला जपानी शब्द त्यांनी दिला नाही. शिरोतो लिहिताना पेन पुढे सरकेना. शेवटी मराठी शब्दच परक्या शब्दांसाठी असलेल्या जपानी लिपीत, म्हणजे काताकानात, लिहिला.

नगरपालिकेतल्या बाईंनी फोन करून विचारलं, हा 'हाउशी' म्हणजे काय? विनायकराव म्हणाले, तज्ज्ञांचा शब्द आहे. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. तज्ज्ञाचं मत मागवलं होतं, ते आलं होतं, आणि त्यातलं काही कळत नव्हतं. सगळं रीतसर होतं.

दगड उभा राहिला. त्यावर कोरलं होतं, 'ग्योतोकुचा पहिला हाउशी, जिन्बेई'. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी ते वाचलं, कोरणाऱ्याचा हात चुकला असणार असं ठरवलं, आणि आपापल्या मनात दुरुस्त करून 'होशी' वाचलं. ग्योतोकुचा पहिला तारा. प्रणेत्यापेक्षा हे त्यांना कितीतरी पसंत पडलं, आणि त्या हात जोडून पुढे गेल्या. विनायकराव पलीकडच्या फुटपाथवर उभे होते. दुरुस्त करायला ते एक पाऊल टाकून थांबले. मराठीत सांगायचं तर मागचा अनुभव ताजा होता.

पबच्या पाटीवर शिओदाने खाली एक ओळ वाढवली होती. ती वाचायला त्यांना रस्ता ओलांडावा लागला. 'डॉक्टर उकिदोबे यांनी आपला शब्द मागे घेतला आहे. तारा आम्ही मागे देणार नाही.'

नाव अजून चुकलेलंच होतं. ते दुरुस्त करून घ्यावं म्हणून विनायकरावांनी दाराकडे हात नेला, आणि पाटी पुन्हा एकदा वाचली. इतक्या वर्षांत त्यांचं नाव कुठेही असं एकटं लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आधी कुणी नव्हतं, आणि पुढे 'आणि इतर' नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला. काचेतून शिओदा बघत होता. तो वाकला नाही. विनायकरावही वाकले नाहीत. शिओदाने आतूनच बोटाने दाराशेजारी ठेवलेल्या पिशवीकडे दाखवलं. तिच्यावर लाल चिठ्ठी होती.